जवळची सहल आणि दुपारचं कुलूप

पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली मुलांसाठी एक छोटी आगगाडी सुरू झाली. तिचं नाव फुलराणी. ही गाडी कुठंच जात नाही. झाडांमधून एक चक्कर मारते, शिट्टी वाजवते आणि जिथं बसवलं तिथंच मुलांना उतरवते. तरीही आज सत्तरीला आलेले आजोबा लहानपणी तिच्यात बसले होते, पुढं त्यांची मुलं बसली आणि आता नातवंडं तिच्या रांगेत ढकलाढकली करतात. पार्कातले प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले, पार्काचं ऊर्जा उद्यान झालं, आजूबाजूचे रस्ते ओळखू येईनासे झाले. फुलराणी अधूनमधून रुसत, बंद पडत, पुन्हा सुरू होत टिकून आहे.

कुठंच न जाणाऱ्या गाडीला एवढं आयुष्य लाभतं, कारण तिचं तिकीट परवडतं, ती घराजवळ आहे आणि तिच्यात पुन्हा पुन्हा बसता येतं. एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की कुटुंबाची संध्याकाळ साजरी होते. सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला नमस्कार, हिरवळीवर थोडं लोळणं, फुलराणीची फेरी, परत येताना भेळ आणि कुणाचा वाढदिवस असेल तर मस्तानी. पुण्यातल्या कितीतरी घरांची वर्षानुवर्षं हीच सहल होती. तिला सहल म्हणावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही. शब्द राखून ठेवला होता तो महाबळेश्वरसाठी.

तो शब्द आता आणखी लांब गेला आहे. जोडून सुट्या आल्या की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात गाड्यांच्या रांगा लागतात. त्यांची छायाचित्रं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात आणि पुढच्या सुटीला तीच माणसं तिकडंच निघतात. फिरायला निघालेलं कुटुंब अर्धा दिवस गाडीत बसतं, उरलेला अर्धा दिवस हॉटेलात टेबल मिळण्याची वाट पाहतं, आणि ‘दमलो बुवा’ म्हणत सोमवारी कामावर हजर होतं. हौसेला मोल नसतं हे खरं. पण एवढी सगळी हौस चार-पाच ठिकाणीच का जाऊन आदळते, हे विचारायला हवं.

ते का विचारायचं, याची दोन कारणं अलीकडचीच आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चारजणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते. अशा वेळी ‘लोकांना अक्कलच नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. प्रशासन फलक लावतं, जमावबंदीचा आदेश काढतं, पोलिस उभे करतं. हे सगळं करावंच लागतं. पण लाखो लोकवस्तीच्या शहरांना पावसाळ्यातल्या रविवारी मुलाबाळांसह जायला घराजवळ धड जागा नसेल, तर ती माणसं पाण्याच्या एखाद्या धारेखाली गर्दी करणारच.

जागेचा हिशेब मुंबईत सगळ्यांत बोलका आहे. शहराचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होत असताना मुंबईकराच्या वाट्याला माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा येते, असं समोर आलं होतं. केंद्र सरकारची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं माणशी दहा-बारा चौरस मीटरची शिफारस करतात. सव्वा चौरस मीटरवर सतरंजीही नीट अंथरता येत नाही.

आणि तरीही या शहरात राणीची बाग आहे. भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यातल्या जुन्या झाडांसाठी म्हणून जाणारी माणसं आहेत, तशीच फक्त हत्ती आणि पाणघोडा बघायला जाणारीही. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावानं उघडलं, १९७५ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा झळाळून उठलं. आत मातीच्या छोट्या छोट्या पुतळ्यांमधून जुन्या मुंबईतले धंदे, पगड्या, खेळ मांडले आहेत. मुलं तिथं काचेला नाक लावून उभी राहतात. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात. ते ठाऊक नसलेलं एखादं कुटुंब दर बुधवारी फाटकावर येऊन परत जात असणार.

राणीच्या बागेत २०१७ मध्ये पेंग्विन लोकांसमोर आले. त्यांच्यावरच्या खर्चावरून किती राजकारण झालं ते सर्वांना आठवतं. त्याच वर्षी तिकिटाचे दरही वाढले. पाच रुपयांचं तिकीट मोठ्यांसाठी एकदम पन्नास रुपयांवर गेलं. ओरड झाली आणि ती रास्तही होती. पण त्या दरपत्रकात एक चांगली ओळ होती : आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये. कुटुंबानं एकत्र यावं, अशी इच्छा एखाद्या सरकारी दरपत्रकात उमटावी ही नवलाची गोष्ट. फक्त त्या चौकोनी कुटुंबात आजीला जागा नव्हती. नातवंडांना घेऊन बागेत जाण्याचं काम मुंबईत बऱ्याच घरांत आजीच करते, हे दर ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

दादरचं शिवाजी पार्क त्याहून सोपं. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि दोन वर्षांनी त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. त्याच्या कट्ट्याची लांबी किलोमीटरच्या थोडी वरच भरते. कट्ट्यावर बसायला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही. एकीकडं क्रिकेटचे पाच-सहा डाव एकमेकांत मिसळलेले, दुसरीकडं मल्लखांब. बाळ झोपलं की आई कट्ट्यावरच बसते. मैदान संपलं की दादरच्या एखाद्या मराठी उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष. शहरानं माणसाला फुकट द्यावं असं जे काही असतं, त्यातलं बरंच या कट्ट्यावर मिळतं.

याउलट मॉल. कुटुंबं मॉलमध्ये जातात म्हणून नाकं मुरडण्याची मराठी लेखनात जुनी खोड आहे. ती सोडून द्यावी. तान्ह्या मुलाला घेऊन बाहेर पडलेल्या बाईला मॉल आवडतो, कारण तिथं स्वच्छ स्वच्छतागृह असतं, दिवे असतात, पहारेकरी असतो, उन्हापावसाचा त्रास नसतो आणि दुपारी तीन वाजता कुणी बाहेर काढत नाही. यातली एकही गोष्ट महापालिकेला अशक्य नाही. मॉलनं कुटुंबांना पळवलं नाही. महापालिकांनी त्यांना तिकडं पाठवलं.

पुण्यासह अनेक शहरांत महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चार-साडेचारला पुन्हा उघडतात. चालायला येणाऱ्या मंडळींना ही वेळ ठीक वाटते. पण मे महिन्यात शाळांना सुटी असते. दोन खोल्यांचं घर तापलेलं असतं, आईबाप कामावर असतात आणि आजी-आजोबांना मुलं आवरत नाहीत. नेमक्या त्याच वेळी शहरातल्या सगळ्यांत दाट सावलीला कुलूप असतं. कारणं ठरलेली : कर्मचारी कमी आहेत, झाडांना पाणी घालायचं असतं, आणि दबक्या आवाजात सांगितलं जाणारं तिसरं कारण म्हणजे जोडपी बसतात. बसेनात! ज्या बागेत आजी, नातवंडं आणि जोडपी एकाच वेळी बसलेली असतात, ती रिकाम्या बागेपेक्षा सुरक्षित असते. रिकामी ठेवलेली बाग फार तर भिंतीवरून उडी मारून येणाऱ्या दारुड्यांच्या सोयीची.

स्वच्छतागृहाचा मुद्दा तर कुटुंबाच्या सहलीचा कणाच आहे, आणि त्यावर बोलायला अजूनही संकोच वाटतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम महिलांसाठी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्या मागते आहे. असली मागणी करायला मोहीम काढावी लागते, यातच सगळं आलं. घराबाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात आहेत. सहल किती वेळ चालेल हे बऱ्याचदा तिथलं स्वच्छतागृह ठरवतं.

प्रवासाच्या बाबतीत मात्र सरकारनं दोन कामं चांगली केली. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. एसटीच्या तोट्याच्या चर्चेत या सवलतींवर टीकाही झाली. पण आजी, आई, मावशी आणि दोन पोरी अशी पाचजणींची टोळी शेजारच्या तालुक्याच्या देवाला किंवा धरणावर जाऊन संध्याकाळी परत येऊ लागली, हे त्या सवलतीचं फलित कुठल्या ताळेबंदात दिसणार? आयुष्यभर ‘यांना वेळ मिळाला की जाऊ’ म्हणत बसलेल्या बायका आता कुणाची वाट न पाहता गाडीत बसतात.

काही वेळा तर प्रवास हीच सहल असते. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा तिकडून इकडं काम असलेले प्रवासी थोडे आणि नुसती मेट्रो बघायला आलेले पुणेकर जास्त होते. आजोबांना चाकाच्या खुर्चीतून आणलेलं, मुलं काचेला चिकटलेली, शेवटच्या स्थानकावर उतरून त्याच गाडीनं परत. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पुढं मेट्रोनं शनिवार-रविवारच्या तिकिटांत तीस टक्के सवलत दिली, म्हणजे ज्यांच्यावर विनोद झाले त्यांचा हिशेब मेट्रोवाल्यांना बरोबर कळला होता. मुंबईत डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट हाही असाच ठेवा. बेस्टच्या ताफ्यात १९३७ मध्ये आलेल्या डिझेलच्या दुमजली बसची अखेरची फेरी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, त्या दिवशी तिला हार घालायला माणसं जमली होती. आता विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आहेत. खिडकी उघडून तोंडावर वारा घेण्याची सोय त्यांत नाही, पण पुढची सीट आहे आणि तिच्यासाठीची भांडणंही.

गोव्यात मांडवीच्या काठी याहून स्वस्त मौज आहे. रायबंदरहून दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट लागत नाही. पाण्यावरून जायचं, बेटावर थोडं हिंडायचं आणि परत यायचं. ही व्यवस्था बेटावरच्या लोकांच्या ये-जा करण्यासाठी आहे. सहल तिच्यावर फुकटात बसून जाते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या ‘वनराणी’ची गोष्ट वेगळ्या अर्थानं सांगण्यासारखी आहे. फुलराणीची ही मुंबईकर बहीण मे २०२१ च्या तौक्ते वादळात रूळ खचल्यानं बंद पडली. वादळ एका रात्रीत निघून गेलं, गाडी मात्र पुढं काही वर्षं बंदच राहिली. उड्डाणपुलाचं काम रखडलं की विधानसभेत प्रश्न विचारले जातात. मुलांची गाडी रखडली तर विचारणार कोण? पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं ‘काही वर्षं’ म्हणजे सगळं बालपण असतं. ती गाडी पुन्हा धावेपर्यंत ते मूल तिच्यात बसण्याच्या वयाचं उरलेलं नसतं.

कोल्हापूरला हे सगळं सांगावं लागत नाही. रंकाळ्यावर जाणं हा तिथं ठरवून करण्याचा कार्यक्रमच नव्हे. जेवणाआधी वेळ आहे, चला रंकाळ्यावर. लेकरं पुढं धावतात, मोठी माणसं कठड्यावर टेकतात, भेळेचा कागद हातात येतो. पाण्यावरच्या जलपर्णीबद्दल आणि तलावात शिरणाऱ्या सांडपाण्याबद्दल तावातावानं बोलणं हासुद्धा त्या फेरफटक्याचा भाग, कारण ज्या पाण्यावर रोज जायचं त्याची काळजी वाटतेच. रंकाळ्याच्या प्रदूषणाविरुद्ध शहर पुन्हा पुन्हा रस्त्यावर आलं, त्याचं मूळ या रोजच्या भेटींत आहे. वर्षातून एकदा जिथं जातो तिथल्या घाणीवर माणूस नाक दाबून पुढं जातो. रोज जिथं जातो तिथं तो भांडतो.

रंकाळ्यावरून परतताना दूधकट्टा. गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. गवळी समोर धार काढतो, फेसानं भरलेला पेला हातात येतो आणि तो तिथंच उभ्यानं रिकामा करायचा. तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानांच्या खुराकाची ही सोय हळूहळू सगळ्या गावाची झाली. बाप पोराला घेऊन येतो, पोराला कोमट दुधाचा वास आवडत नाही, बाप म्हणतो, ‘पी की गा, ताकद येतीया.’ पोराच्या ओठावर पांढरी मिशी उमटते. हॉटेलात बसून काचेच्या उंच पेल्यातलं काहीबाही पिण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी, आणि गाव सोडून गेलेल्या कोल्हापूरकराच्या बोलण्यात म्हशीची धारच आधी येते.

अशीच एक मौज उन्हाळ्यात कोपऱ्यावर असते. घुंगरांच्या तालावर फिरणारा चरक, आलं-लिंबू घातलेला रस आणि ‘बर्फ कमी’ अशी आईची सूचना. रसवंतीगृहांच्या पाट्यांवर बऱ्याचदा ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ असतं. पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे. त्या भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी हा धंदा धरला आणि शहराशहरांत जाताना देवाचं नाव बरोबर नेलं. मुलाला रसाचा पेला हातात देताना एवढी माहिती सांगितली तर पुढच्या रविवारी तो डोंगर चढायची टूम निघू शकते. पुण्याहून सासवडच्या वाटेला लागलं की बोपगाव काही लांब नाही.

जवळच्या सहलीचं हे सगळं कौतुक करताना एक हिशेब मात्र पुसता येत नाही, तो म्हणजे बायकांच्या कष्टांचा. कार्तिकातलं आवळीभोजन म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली बसून कुटुंबानं जेवायचं. कोजागरीला गच्चीवर मसाल्याचं दूध आटवायचं. शाळेच्या सुटीत डबे भरून टेकडीवर जायचं. चित्र सुरेख आहे. त्या चित्रात पहाटे उठून पोळ्या लाटणारी, भाजी करणारी, सतरंजी, पाणी, लहानग्याचे जादा कपडे आणि सासऱ्यांच्या गोळ्या आठवणीनं घेणारी आणि परत आल्यावर डबे घासणारी बाई एकच. बाकीच्यांची सहल, तिची फक्त जागा बदललेली पाळी. ‘बाहेर जेवू या’ असा तिचा आग्रह असतो तेव्हा तो चैनीचा नसतो, तो सुटीचा अर्ज असतो. तो मंजूर करायला पंचतारांकित हॉटेल लागत नाही. नाशिकच्या आसपासच्या मळ्यांत चुलीवरच्या मिसळीसाठी रविवारी सकाळी जी कुटुंबं जमतात, त्यांत तर्रीच्या हौसेइतकाच हाही भाग असतो की त्या दिवशी घरची शेगडी बंद राहते. मुलं झोपाळ्यावर, आजोबा खाटेवर, आणि आई हातात आयती बशी घेऊन बसलेली.

पूर्वीच्या घरगुती मौजांत एक मात्र कष्ट वाटून घेणारी होती, ती म्हणजे पॉटचं आइस्क्रीम. लाकडी बादली भाड्यानं आणायची, आत दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळं बर्फाचं तापमान शून्याच्याही खाली उतरतं आणि डब्यातलं दूध घट्ट होऊ लागतं. पण त्यासाठी दांडा सतत फिरवावा लागतो. आईनं दूध आटवून दिलं की तिचं काम संपलं. पुढं काका, मामा, शेजारचा दादा, सगळ्यांच्या पाळ्या. ज्याचा हात थांबेल त्याच्या नावानं गलका. हे आइस्क्रीम दुकानातल्यापेक्षा चांगलं असायचंच असं नाही. बर्फाचे कण लागायचे, कधी मीठ आत शिरून सगळं खारट व्हायचं. पण अख्खी दुपार त्यात जायची आणि वाडाभर वाट्या फिरायच्या.

असं मिळून खाणं लातूर आणि धाराशिव भागात अजून मोठ्या प्रमाणावर चालतं. मार्गशीर्ष अमावास्येला, डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, तिथं येळवस असते. वेळ अमावास्या हे तिचं पंचांगातलं नाव. रब्बीची ज्वारी आणि हरभरा शेतात उभा असतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत पाच पांडवांची पूजा होते आणि नंतर सगळं कुटुंब त्या रानात जेवतं. ओल्या शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या मडक्यातलं ताक-ज्वारीचं आंबील. त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात. लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार सगळे कुठल्या ना कुठल्या शेतात. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं दिवाळी चुकवतील, पण येळवशीला गाडी पकडतील.

यातली खरी गोष्ट आमंत्रणाची आहे. ज्यांचं शेत नाही त्यांचं काय? त्यांना बोलावणं असतं. कार्यालयातला सहकारी, भाडेकरू, शेजारी, मुलाचे मित्र, नव्यानं बदलून आलेला अधिकारी. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवतात. शेत एकाचं, सहल गावाची. शहरात ज्याला आपण सार्वजनिक जागा म्हणतो, तिचं काम इथं खासगी शेत एक दिवस करतं. या जेवणामागंही बायकांचा आदल्या रात्रीचा जागर असतो, हे विसरून चालणार नाही.

शेतावरच्या या मौजेचा बाजारही मांडला गेला आहे. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि थंडीच्या दिवसांत हुरडा पार्ट्यांचे फलक शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिसू लागले. माणशी अमुक रुपये, त्यात हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, जेवण, बैलगाडीची फेरी. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येत असतील तर त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. शहरातल्या मुलाला आगटीतून काढलेलं गरम कणीस हातावर चोळून दाणे फुंकायला मिळतात, हेही खरंच. फक्त दर वाढत वाढत जेव्हा एका कुटुंबाची सकाळ काही हजारांवर जाते, तेव्हा सुरतीचा आणि गूळभेंडीचा हुरडा पुन्हा मोजक्यांचाच होतो. गावाकडं ओळख असलेल्यांना तो अजूनही एका फोनवर मिळतो. ती ओळख विरत चालली आहे, हा खरा तोटा.

घराजवळच्या मौजेची भलामण करताना एका जागी जीभ चावायला हवी. ‘छोट्या गोष्टींत आनंद माना’ हे सांगणारे बहुधा मोठ्या गोष्टी करून आलेले असतात. सुरक्षारक्षकाच्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलांना समाधानाचा उपदेश नको आहे. त्यांना अजिंठा बघायचा आहे, समुद्र बघायचा आहे, विमानही बघायचं आहे, आणि ते त्यांना मिळालं पाहिजे. जवळची सहल ही लांबच्या सहलीची स्वस्त आवृत्ती नव्हे. ती वेगळीच गोष्ट आहे. अजिंठा एकदा बघायचा असतो. रंकाळा, कट्टा, कोपऱ्यावरचं गुऱ्हाळ ही पुन्हा पुन्हा जाण्याची ठिकाणं. तिथं भेळवाल्याला ठाऊक असतं की या पोराला तिखट चालत नाही. तिथल्या कुठल्या बाकाची फळी मोडलेली आहे, कुठल्या झाडाखाली मुंगळे आहेत, घसरगुंडी दुपारी किती तापते, हे पोराला तोंडपाठ असतं. कुठल्यातरी जागेचा असा सराव नसलेलं मूल आपल्याच शहरात पाहुण्यासारखं वाढतं.

छत्रपती संभाजीनगरहून हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. पंचवीसेक किलोमीटरची ही वाट. भाविक असतात तसे नुसत्या चालण्यासाठी आलेलेही असतात. कुटुंबंच्या कुटुंबं, पोरांच्या टोळ्या, वाटेत ठिकठिकाणी पाणी आणि चहा देणारी मंडळं. त्या एका रात्रीपुरती रस्त्यावर पाण्याची सोय होते, दिवे लागतात, बायकाही निर्धास्त चालतात. म्हणजे हे जमतं. मंडळांना जमतं, वर्गणीवर जमतं.

महापालिकांची अंदाजपत्रकं दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. त्यांत एखादं नवं थीम पार्क, एखादं संगीत कारंजं आणि त्याला द्यायचं नाव हमखास असतं. कारंजं पहिल्या वर्षी चालतं, दुसऱ्या वर्षी पंप बिघडतो, तिसऱ्या वर्षी त्या टाकीत डास होतात. यंदा एवढंच करून बघावं : प्रत्येक प्रभागातली सावली असलेली एक बाग मे महिनाभर दुपारी बारा ते चार उघडी ठेवायची, तिथला पिण्याच्या पाण्याचा नळ चालू ठेवायचा, स्वच्छतागृह दोनदा धुवायचं आणि किती माणसं आली ते मोजायचं. मोजायला फाटकावर एक माणूस लागेल. तो आजही पगारावर आहे, दुपारी कुलूप लावायला.